सुरी खाली ठेवून द्यावी

मी सुरी बोलतेय. नाव ऐकून मागं सरकायचं कारण नाही. चार बोटांचं पातं आणि तेवढीच मूठ, एवढाच माझा जीव. माझ्या हातून कुणाचं वाईट झालंच तर ते लिंबाचं, पेरूचं, फार तर सुतळीच्या गुंडीचं. घडी घालून खिशात बसणाऱ्या चाकूंच्या जातीतली मी नाही. ते मधेच वाकतात. मला वाकता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोरा आहे.

एवढी सरळ असूनही माझ्यावर एक आळ आला. एका बापलेकीचं बोलणं मी तोडलं, असा. आळ घेणारा दुसरा-तिसरा कुणी नव्हता; ज्यानं मला म्यान शिवून दिलं, तोच होता. म्हणून आज तोंड उघडलंय. नाहीतर आम्ही सुऱ्या फारशा बोलत नाही.

माझा जन्म मोडनिंबचा. हायवेच्या कडेला धोंडीराम लोहाराचं पत्र्याचं शेड आहे, तिथला. पण त्याआधीही मला एक जन्म होता. तेव्हा मी एका मालट्रकच्या चाकावरचा कमानपाटा होते. सिमेंट म्हणू नका, कांदा म्हणू नका, जे येईल ते पाठीवर घ्यायचं आणि खड्ड्याखड्ड्याला दात-ओठ खायचे. एक दिवस एका खड्ड्यात मोडले आणि भंगारात गेले. तिथून धोंडीरामनं मला उचललं. ओझं सोसून मुरलेलं लोखंड त्याला फार आवडायचं. "कवळं लोखंड नटतंय लई, टिकत न्हाय," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आलाय, पण घण अजून त्याच्या बायकोच्या, अंबुबाईच्याच हातात आहे. धोंडीराम मला सांडशीत धरायचा आणि अंबुबाई घण घालायची. मधल्या वेळात दोघांचं भांडण चालायचं, कधी सुनेवरून, कधी गॅसच्या टाकीवरून. भांडण वाढलं की घण जोरात पडायचा. माझी पाठ एवढी सरळ आली ती त्यांच्या एका जोरदार भांडणामुळं, असं मला आजही वाटतं.

मग पाणी पाजायची वेळ आली. लाल झालेलं पातं तेलात बुडवतात, तरी त्याला पाणी पाजणंच म्हणतात. इथं लोहाराचं कसब लागतं. पातं फार कडक झालं तर काचेसारखं तडकतं, मऊ राहिलं तर धार धरत नाही. धोंडीराम मला आणखी एकदा तापवायला निघाला तेव्हा अंबुबाईनं त्याचा हात धरला. "बास की आता," ती म्हणाली. "तिखट केलीस, आता जरा चिवट ऱ्हाऊ दे." त्यानं ऐकलं. नंतर मला बाभळीची मूठ बसली, दोन पितळी खिळे ठोकले आणि मी फळीवर जाऊन बसले.

फळीवर शेजारी होते विळे, खुरपी, कोयते. ही कामाची माणसं, त्यांचं-माझं जमायचं. वरच्या फळीवर मात्र हात-हातभर लांब, चकचकीत पाती मांडलेली होती. पोरांची झुंबड त्यांच्यावर. वाढदिवसाला केक कापायला लागतात म्हणे. केक चमच्यानंही तुटतो, पण त्याला तलवारीएवढं पातं लागतं आणि समोर कुणीतरी मोबाईल धरून उभं लागतं. त्यातली दोन-तीन पाती पुढं पोलिसांच्या कपाटात जाऊन बसली, असं ऐकलं. मी माझ्या बुटकेपणावर तेव्हापासून खूश आहे.

एका सकाळी शेडसमोर रिक्षा थांबली. आतून उतरले होटगीचे चनमल्लप्पा आणि त्यांची लेक अक्षता. चनमल्लप्पांची सगळी नोकरी रेल्वेत गँगमन म्हणून गेली. हातोड्यानं रूळ ठोकत मैलोन् मैल चालायचे, आता निवृत्त होऊन घरी होते. अक्षता शेतीचं शिक्षण घेऊन डाळिंबं परदेशी पाठवणाऱ्या मोडनिंबच्या एका कंपनीत नुकतीच लागली होती; लवकरच तिथं खोली घेऊन राहणार होती. बागा-बागांतून जायचं, फळ कापून बघायचं, माल जाण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. पहिल्याच आठवड्यात घडीचा चाकू मिटून तिच्या बोटावर बसला होता. बोटाला पट्टी होती. वडिलांनी ती पट्टी बघितली आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः मोडनिंबला आले.

"घडीचा नगं," ते म्हणाले. "ज्याला मधी सांदा हाय त्याचा भरवसा न्हाय. रुळाचं बी तसंच असतंय."

धोंडीरामनं वरच्या फळीवरचं एक लांबलचक पातं काढलं. "ह्ये बगा, बघनाऱ्याची नजर बसंल असलं हाय."

"नजर बसवून काय करू? डाळिंब कापायचंय."

मग चनमल्लप्पा खाली बसले आणि एकेक सुरी कानाजवळ धरून नखानं टिचकी मारू लागले. आयुष्यभर रूळ ऐकलेला माणूस. तडा असला तर आवाजावरून कळतो म्हणाले. मुठीचं टोक बघायचे, लोखंड शेवटपर्यंत गेलंय का अर्ध्यातच संपलंय ते. जी पसंत पडे ती आपल्या मुठीत धरून हवेत दोनदा कापल्यासारखं करायचे. त्यांचा हात केवढा! त्यांना साजेल अशी सुरी म्हणजे जवळजवळ कोयताच. अक्षता बाजूलाच उभी होती.

अंबुबाईला राहवलं नाही. "कापनार कोन, तुमी का ती?" तिनं विचारलं. "हात तिचा, मूठ तिची. तिला धरू द्या की."

चनमल्लप्पा ओशाळले आणि बाजूला सरकले. अक्षतानं चार-पाच सुऱ्या धरून बघितल्या आणि शेवटी मला उचललं. तिनं डोळे मिटले, अंगठा आपोआप कुठं येतो ते बघितलं. तळवा घामेजलेला होता, तरी मी सटकले नाही. "अप्पा, ही," ती म्हणाली.

"लई बारकी हाय गं."

"रोज कमरंला बाळगायचीय. मोटी घेतली तर दोन दिस नेईन, तिसऱ्या दिशी खोलीवर ठिवून जाईन."

चनमल्लप्पांनी जरा विचार केला. "बरूबर हाय," ते म्हणाले. "घरी ऱ्हायली ती सुरी असून नसून सारकीच."

धोंडीरामनं मला दगडावर शेवटची धार लावली, पुसली आणि अक्षताच्या हातात न देता समोरच्या पोत्यावर ठेवली. अक्षतानं तिथून मला उचललं. का, ते कुणी विचारलं नाही. आमच्या मुलखात धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्याचं भांडण होतं, नातं तुटतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. चनमल्लप्पांना तर ही रीत पाळायचं जवळजवळ वेड होतं. घरी पानाच्या डब्यातला अडकित्ताही ते जमिनीवर ठेवूनच पुढं सरकवायचे.

म्यान शिवायचं म्हणून त्यांनी मला होटगीला नेलं. रेल्वेकडून मिळालेले शेवटचे बूट त्यांनी जपून ठेवले होते. त्यातल्या एकाचं चामडं कापून ते म्यान शिवायला बसले. त्यांची बायको गिरिजाबाई म्हणाली, "अवो, बाजारात तयार मिळतंय की." ते म्हणाले, "मिळतंय. पर ह्ये चामडं खडीवर चाललंय." डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, सुई चामड्यातून जात नव्हती. टाका घालायचे, उसवायचे, पुन्हा घालायचे. अक्षताच्या मोडनिंबला राहायला जायच्या दिवशीही म्यानाचे शेवटचे टाके बाकीच होते. मायलेकी सामान घेऊन स्टेशनकडं निघाल्या. "तुमी व्हा म्होरं, मी आलोच," म्हणून चनमल्लप्पा मागं राहिले.

जन्मात गाडी न चुकवलेला माणूस त्या दिवशी उशिरा पोचला. होटगीच्या फलाटावर ते शिरले तेव्हा सोलापूरकडं जाणारी पॅसेंजर हलली होती. ते धावले. खिडकीतून अक्षतानं हात बाहेर काढला, आणि चनमल्लप्पांनी म्यानासकट मला तिच्या तळहातावर ठेवलं. धाप लागली की त्यांच्या तोंडी कानडी यायचं. "तगो, यव्वा," ते म्हणाले. घे, बाई, एवढंच. क्षणभर त्या दोघांचेही हात माझ्यावर होते. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला क्षण.

मागून गिरिजाबाईचा आवाज आला, "अवो, हातात दिली की तुमी."

गाडी पुढं गेली. मी खिडकीतून बघितलं तर चनमल्लप्पा फलाटावर उभे राहून स्वतःच्या तळहाताकडं बघत होते.

मोडनिंबला माझं आयुष्य मजेत सुरू झालं. रोज नव्या बागा. अक्षता मला कमरेच्या उजव्या बाजूला अडकवायची. मी काय नाही केलं? ठिबकच्या नळ्या कापल्या, झाडाची साल खरवडून आत भुंगा लागलाय का ते दाखवलं, खोलीवरच्या मैत्रिणींची पार्सलं फोडली. एकदा अक्षतानं माझ्या टोकानं कुकरच्या दांड्याचा स्क्रू पिळला. स्क्रू बसला आणि माझं टोक गेलं, तिळाएवढं. पेचकस आणायला काय झालं होतं, ते तिलाच ठाऊक. शिकलेली माणसंसुद्धा सुरी हातात आली की तिच्याकडून सगळी कामं करून घेतात.

पण माझं खरं काम डाळिंब उघडणं. तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. फळ कापताना बागेचा मालक फळाकडं बघतच नाही. तो अक्षताच्या तोंडाकडं बघत असतो. आत काय आहे त्यापेक्षा ही काय म्हणणार, त्याचीच धाकधूक. मला तर काहीच म्हणायचं नसतं. आत जे असतं ते मी उघडं करते. ते तिथं मी ठेवलेलं नसतं.

आणि इथंच सगळं बिनसलं. गिरिजाबाईच्या भावाची, भीमाशंकर मामांची बाग मोडनिंबजवळच होती. दिलदार माणूस, फक्त बढाईची हौस भारी. श्रावणात त्यांची फळं तयार झाली आणि तपासायला नेमकी अक्षता गेली. आम्ही पोचलो तर बागेत ही गर्दी. शेजारचे बागवाले, तोडणीच्या बाया, दोन व्यापारी. मामांनी सगळ्यांना हाका मारून गोळा केलं होतं. "माजी भाची आलीया तपासायला," ते ज्याला त्याला सांगत होते.

अक्षतानं झाडांवरून एक फेरी मारली. फळांवरून हात फिरवताना तिचा चेहरा जरा उतरला. ती मामांना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मामा, आधी आपन दोगंच बगू. मानसं मग बोलवा."

"का गं? लपवायचंय काय?" मामा मोठ्यानं म्हणाले. "सगळ्यांम्होरं काप. बगू दे जगाला."

तिनं कापलं. बाहेरून फळ लालबुंद, नवरीसारखं, आणि आत अर्धे दाणे काळपट पडलेले. दुसऱ्या झाडाचं कापलं, तेच. तिसऱ्या ओळीतलं कापलं, तेच. तोडणीतली एक बाई पदराआड हसली. अक्षतानं मला ओढणीला पुसलं आणि म्हणाली, "मामा, ह्या खेपेला बाहेर देशात जायचं न्हाय हे. हितल्या बाजारात जाईल." तसा माल सोलापूरच्या बाजारात गेलाही, कुणी उपाशी राहिलं नाही. पण मामांची मान खाली गेली ती गेलीच.

संध्याकाळी त्यांचा फोन होटगीला गेला. तुमच्या पोरीनं चार माणसांत माझं नाक कापलं, असं ते बहिणीला म्हणाले. माणसं कुणी गोळा केली, ते सांगायचं त्यांनी वगळलं.

त्याच रात्री जेवणाआधी अक्षताला वडिलांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. "मामाच्या दारात, मानसांम्होरं कापायचं काय नडलं होतं?" एवढंच विचारलं.

सांगण्यासारखं तिच्याकडं सगळं होतं. एक वाक्य बोलली असती तर विषय तिथंच मिटला असता. पण मामांना आणखी एका ठिकाणी खाली बघायला लावणं तिच्या जिवावर आलं. "कामच तसं हाय, अप्पा," ती म्हणाली. पलीकडं फोन बंद झाला.

त्यानंतर चनमल्लप्पा तिच्याशी बोलले नाहीत. आईचा फोन यायचा. अक्षता विचारायची, "अप्पा कुटं हायत?" आई म्हणायची, "आत्ता हितंच होते, अंगनात गेले वाटतं." दर वेळी ते अंगणातच असायचे. अक्षता खोलीतल्या खोलीत दारापर्यंत जायची, परत यायची. आधी तिला वाईट वाटायचं, मग राग यायला लागला. एकदाही आपली बाजू विचारली नाही, हा तिचा राग. तो तिनं कुणावर काढावा? माझ्यावर. मला न पुसता म्यानात घातलं आणि म्यान टेबलाच्या खणात टाकलं. कमरेला आता कंपनीचं कटर लागलं, ज्याचं पातं काडकन मोडतं आणि कुणाला वाईट वाटत नाही.

डाळिंबाचा रस लोखंडाचा वैरी. खणाच्या अंधारात तो माझ्या अंगावर वाळला आणि खाली हळूहळू गंज धरला. गंज कसा येतो सांगू? तो दुखत नाही. फक्त रोज आपण थोडं थोडं कमी होतोय, एवढं कळत राहतं. तिकडं होटगीतही काही वेगळं चाललं नसावं.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी घरात कुणी राहत नाही, सगळे रानात. ज्वारीच्या ताटांची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगड मांडून पुजायचे, आणि मग सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील पोटभर. दुसऱ्याच्या रानातून हाक आली तर नाही म्हणायचं नाही. त्या सणाला अक्षता घरी निघाली. निघताना तिनं खण उघडला, माझ्याकडं बघितलं आणि तिचा हात थबकला. तिनं मला घासलं, तेल लावलं, म्यान कमरेला अडकवलं. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरी चनमल्लप्पा उंबऱ्याशी बसले होते. लेक समोर उभी असताना ते बायकोला म्हणाले, "तिला इच्यार, जेवली का." अक्षता आईला म्हणाली, "त्यांना सांग, जेवले." गिरिजाबाई बिचारी दोघांच्या मधे फोनसारखी उभी.

दुसऱ्या दिवशी सगळे रानात गेले. भीमाशंकर मामाही आले, दरवर्षी यायचे तसे, पण या खेपेला आवाज खाली. डाळिंबांची पाटी घेऊन ते बांधाशी बसले होते. गिरिजाबाई आंबील ढवळत होती. चनमल्लप्पा ताटांची कोप बांधत होते. सगळी ताटं उभी करून, एका हातानं धरून, सुतळी आवळली आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की विळा घरीच राहिला. दातानं सुतळी तोडून बघितली, तुटेना. हात सोडावा तर कोप पडेल. जवळ अक्षताशिवाय कुणी नव्हतं.

तिनं मला म्यानातून काढलं, मूठ त्यांच्याकडं केली आणि हात पुढं केला.

चनमल्लप्पांनी ताटं सोडून दिली. कोप कलंडली, आणि ते दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभे राहिले, चोरी करताना सापडलेल्या माणसासारखे.

"हातात नगं," ते म्हणाले. "खाली ठेव."

"अप्पा..."

"खाली ठेव म्हनतो न्हवं. येकदा दिली की मी हातात. तेवडं पुरं झालं. धावत्या गाडीत दिली. सगळं ठावं असून दिली. तितंच तुटलं आपलं. मी तुज्यावर कुटं रागावलोय? बोलाय गेलो की ती सुरीच दिसतीया डोळ्याम्होरं. वाटतंय, आनी काय बोललो तर उरलंसुरलं बी जाईल."

अक्षतानं पुढं केलेला हात खाली घेतला. एवढे दिवस तिला वाटत होतं की अप्पा अंगणात जातात ते रागानं. ते भीतीनं जात होते. अहो, ज्या क्षणाला मी आयुष्यातला सगळ्यात चांगला क्षण समजत होते, तोच क्षण हा माणूस उराशी धरून झुरत होता. माझी धार एवढी लांब पोचते, हे मलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून मामा उठले. "दाजी," ते म्हणाले. "दाजी, सुरीचं न्हाय काय. तुमच्या हाताचं बी न्हाय. पोरगी म्हनत होती, आदी दोगंच बगू. मीच म्हनलं, सगळ्यांम्होरं काप. हाका मारून मानसं मीच गोळा केल्ती."

गिरिजाबाईचा आंबिलीतला हात थांबला. "आनी मला फोनवर काय सांगितलंस रं?"

"सांगितलं," मामा म्हणाले. "लाज वाटली, म्हनून सांगितलं."

चनमल्लप्पा लेकीकडं वळले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. "मग तू का न्हाय बोललीस?"

"तुमी इचारलं, का कापलंस. कुनाच्या सांगन्यावरनं ते कुटं इचारलं?" ती म्हणाली, आणि मग तिच्याच्यानं राहवेना. "आनी मामाला आनी किती जनांत खाली बगाय लावायचं, अप्पा?"

चनमल्लप्पा ढेकळांत बसले. पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. अक्षता वाकली आणि तिनं मला काळ्या मातीवर ठेवलं, त्यांच्या आणि आपल्या बरोबर मधे. "ठिवली खाली," ती म्हणाली. "उचला आता."

त्यांनी मला उचललं. सुतळी कापायला म्हणून उठले आणि पात्याकडं बघून थबकले. बोटानं चाचपून म्हणाले, "टोक कुटं गेलं हिचं?"

"कुकरचा स्क्रू बसवत होते."

"सुरीनं?"

"व्हय."

मग त्यांनी जी सुरुवात केली! शिकून काय उजेड पाडला, सुरी म्हणजे काय पेचकस हाय, ह्यो गंज कशानं धरला, तेल न्हाय मिळत मोडनिंबात, रस लागल्यावर लागलीच पुसायचं एवढं कळंना व्हय. कोप पुन्हा उभी राहीपर्यंत ते बोलत होते, जेवणं होईपर्यंत बोलत होते. अक्षता मान खाली घालून ऐकत होती, आणि मधेमधे मुद्दाम म्हणायची, "आनी एकदा मी सुरीनं पत्र्याचा डबा बी उघडला." की ते पुन्हा सुरू. एवढी बोलणी कुणी एवढ्या आनंदानं ऐकलेली मी तरी पाहिली नाही.

जेवल्यावर मामांनी पाटीतलं एक डाळिंब काढून अक्षतासमोर धरलं. "काप. सगळ्यांम्होरं काप," म्हणाले, आणि लगेच हळू आवाजात, "ह्या खेपंला मी आदीच बगून आनलंय." दाणे माणकासारखे निघाले.

हे सगळं मी तुम्हाला आता गाडीत बसून सांगतेय. माझं टोक चनमल्लप्पांनी दगडावर घासून नवं काढलंय, त्यामुळं मी होते त्याहून तिळभर आखूड झालेय. अशीच धार लावता-लावता मी एक दिवस नागवेलीच्या पानाएवढी उरेन आणि मग कुणाच्या तरी खणात पडून राहीन. त्याचं काही वाटत नाही. झिजणं हे कामाचंच दुसरं नाव. एकच मागणं आहे. धारेची वस्तू खाली ठेवून देता, ती रीत जरूर पाळा. कुणाचं बोट तरी वाचतं. पण घरात बोलणं थांबलं तर दोष आमच्या माथी मारून अंगणात जाऊन बसू नका. मी डाळिंब उघडू शकते. माणूस मला उघडता येत नाही. त्याला विचारावं लागतं.

आज सकाळी चनमल्लप्पा गाडीच्या कितीतरी आधी होटगीच्या फलाटावर येऊन बसले होते. मी त्यांच्याच खिशात होते. पॅसेंजर आली, थांबली. अक्षता खिडकीशी बसली. त्यांनी मला घाई न करता बाहेर काढलं, खिडकीच्या चौकटीवर आडवं ठेवलं आणि हात मागं घेतला. "तगो," म्हणाले. अक्षतानं मला उचलून मांडीवर ठेवलं.

मग गाडीनं शिटी दिली. चनमल्लप्पा क्षणभर तसेच उभे होते. आणि त्यांनी आपला रिकामा हात गजांतून आत घातला आणि थेट तिच्या हातात दिला. गाडी हलली तरी ते शेजारून चालत होते, फलाट संपेपर्यंत.